नुसत्या आठवड्यांवर रेषा आखता येत नाही

'गरोदरपणाचे २४ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला व्हेंटिलेटरवर ठेवूच नये, एकदाचा नियम करून टाका' असं एक मत वाचलं, ते मला पटलं नाही. त्यामागची कळकळ समजते. नळ्यांमध्ये गुरफटलेला अर्ध्या किलोचा जीव बघवत नाही. पण ही रेषा वाटते तितकी पक्की नसते. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून धरलेल्या दिवसांतही पाच-सात दिवस इकडेतिकडे होऊ शकतात. शिवाय २२ ते २५ आठवड्यांच्या चार हजारांहून जास्त बाळांचा एक अमेरिकन अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ मुलगी असणं, जुळं-तिळं नसणं, वजन १०० ग्रॅमने जास्त असणं, प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळालेली असणं, यांतल्या एकेका गोष्टीचा फायदा जवळपास एक आठवडा जास्त पोटात राहण्याएवढा दिसला. म्हणजे तेवीस आठवड्यांची दोन बाळं सारखी नसतात.

आणखी एक गोष्ट या मतात लक्षातच घेतलेली नाही. जिथे बावीस आठवड्यांच्या बाळांवर उपचार सुरूच केले जात नाहीत, तिथले आकडे 'एकही वाचत नाही' असंच सांगणार, आणि मग त्याच आकड्यांच्या आधारे पुढच्या बाळालाही नकार मिळणार. म्हणून डॉक्टरांनी टक्केवारी सांगितली की पालकांनी जरूर विचारावं: ही जन्मलेल्या सगळ्या बाळांची, की उपचार मिळालेल्यांची? दोन्हींत फार मोठा फरक असतो, आणि त्या घाबरलेल्या आईबाबांना तो आपणहून सांगायलाच हवा.