थ्रीडीएस सावरला, मग व्हिटा का सावरला नाही?

प्रश्न:
२०११ साली दोन हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायची यंत्रे, जपानच्या बाजारात आले, फेब्रुवारीत निन्टेन्डोचा थ्रीडीएस आणि डिसेंबरात सोनीचा प्लेस्टेशन व्हिटा. आरंभीचा भर ओसरताच दोघांचीही विक्री मंदावली. थ्रीडीएस मात्र पुढे साडेसात कोटींहून अधिक विकला गेला आणि व्हिटाचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले. पाच इंची ओएलईडी पडद्याचे इतके देखणे यंत्र हाती असताना सोनीने काय करायला हवे होते? केवळ किंमत उतरवून भागले असते का?

उत्तर १:
किंमत कधी आणि कशी उतरवली, यावर बरेच अवलंबून असते. निन्टेन्डोने सहा महिन्यांच्या आत २५,००० येनांचा थ्रीडीएस १५,००० येनांवर आणला, अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले आणि ज्यांनी आधीच पूर्ण किंमत मोजली होती त्यांना २० जुने खेळ मोफत दिले. मला यांतले हे शेवटचे पाऊल सर्वांत मोलाचे वाटते, कारण पहिल्या दिवशी खरेदी करणारा ग्राहकच चार जणांना ते यंत्र दाखवतो, आणि तोच दुखावला तर जाहिरातींवर केलेला खर्च वाया जातो. सोनीने जपानमध्ये किंमत २४,९८० वरून १९,९८० येनांवर आणली ती थेट फेब्रुवारी २०१३ मध्ये, चौदा महिन्यांनी.

पण माझ्या मते खरे दुखणे खेळ साठवायच्या मेमरी कार्डाचे होते. थ्रीडीएसला साधे एसडी कार्ड चालत असे. व्हिटाला सोनीचेच वेगळे कार्ड लागे. अमेरिकेत वाय-फाय व्हिटा २५० डॉलरना मिळत असताना ३२ जीबीचे कार्ड आरंभी १०० डॉलरना होते, म्हणजे कन्सोलची किंमत कमी करूनही ग्राहकाच्या खिशावरचा भार पुरता हलका होत नव्हता. पीएसपीवर, म्हणजे व्हिटाच्या आधीच्या सोनीच्याच हँडहेल्डवर, पायरसीचा मोठा फटका बसल्यामुळे सोनीने सावध राहणे समजण्यासारखे आहे. तरीही त्या सावधगिरीचा भुर्दंड प्रामाणिक ग्राहकावर पडू द्यायला नको होता. निदान कार्डांच्या किमती तरी पहिल्याच वर्षी निम्म्यावर आणायला हव्या होत्या.

उत्तर २:
कार्डांबद्दलचे आपले म्हणणे पटते, परंतु खेळच नसतील तर स्वस्त यंत्र तरी कोण घेईल? जपानमध्ये पीएसपीची भरभराट झाली त्यात शेजारी बसून मित्रांसोबत खेळायच्या ‘मॉन्स्टर हंटर’चा वाटा फार मोठा होता, आणि तो खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने तीच मालिका थ्रीडीएसवर नेली. थ्रीडीएसला किंमत घटल्यावर त्याच वर्षअखेरीस दोन मोठे मारिओ खेळही मिळाले. सोनीने स्वतःचे स्टुडिओ व्हिटासाठी राबवायला हवे होते. प्रत्यक्षात ते दिवसेंदिवस टीव्हीला जोडून खेळायच्या प्लेस्टेशन ४ कडे वळत गेले.

उत्तर ३:
विक्री सावरली नसती तरी एक कर्तव्य उरतेच. २०२१ मध्ये सोनीने व्हिटाचे ऑनलाइन दुकान बंद करण्याचे जाहीर केले आणि खेळाडूंच्या नाराजीनंतर तो निर्णय मागे घेतला. ज्यांनी डाउनलोड करून खेळ विकत घेतले, त्यांना ते किती वर्षे उपलब्ध राहतील याचे लेखी आश्वासन कंपनीने विक्रीच्या दिवशीच द्यावे, असे मला मनापासून वाटते.