अनुभव धागा: तोहोकूत कुठल्या ऋतूत गेलात?

आपली जपानची सहल टोकियो, क्योटो, ओसाका एवढ्यातच आटोपते. होन्शू बेटाच्या उत्तरेकडचे तोहोकूचे सहा प्रांत बहुतेकांच्या यादीतच नसतात. मंडळी, तिकडच्या गावांत, सणासुदीत, बर्फात जे हिंडून आलेत त्यांनी लिहा. हॉटेलांचं कौतुक नको, पाहिलं-खाल्लं ते सांगा.

निशीकासाईकर
आओमोरी प्रांतातलं हिरोसाकी, एप्रिलअखेर. टोकियोतल्या साकुराला (चेरीच्या झाडांना) तोवर पानं फुटलेली असतात, इथे मात्र ऐन बहर. किल्ल्याच्या आवारात सुमारे २६०० झाडं, त्यातली काही शंभरी ओलांडलेली. साकुरा छाटणारा मूर्ख, अशी जपानीत म्हणच आहे. पण आओमोरी पडला सफरचंदांचा मुलुख. तिथल्या माळ्यांनी सफरचंदाची छाटणी साकुरालाही लावली आणि झाडं टिकली. फुलं गळायला लागली की खंदकातलं पाणी पाकळ्यांखाली दिसेनासं होतं. मला तर भर बहरापेक्षा तेच जास्त आवडलं. गोल्डन वीकमध्ये (एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीच्या सलग सुट्ट्या) गावात खोली मिळणं मुश्कील. आओमोरी शहरात राहा, रेल्वेने पाऊण तास.

बर्फाळलेली
आकिता प्रांतातलं योकोते, १५-१६ फेब्रुवारी. रस्तोरस्ती बर्फाच्या घुमट्या, त्यांना कामाकुरा म्हणतात. आत मागच्या भिंतीत कोनाडा कोरून जलदेवता बसवलेली. जाड कोट घातलेली पोरं आतून हाका मारतात, "हाइत्ते तान्से!" म्हणजे आत या ना. बूट बाहेर काढायचे, देवीपुढे नाणं ठेवायचं, मग हातात गरम आमाझाके (तांदळाचं गोड पेय) येतं. आमच्या घुमटीतली मुलगी निखाऱ्यांवर मोची (चिकट तांदळाची वडी) भाजत होती. चॉपस्टिकने उलटल्याबरोबर ती फुलक्यासारखी टम्म फुगली, तशी धाकट्या भावाने झडप घातली आणि पाहुण्यांआधी हात लावला म्हणून बोलणी खाल्ली! वारा आत येत नाही, त्यामुळे बसवतं बराच वेळ.

कुंपणावरचा
नामाहागे (राक्षसाचे मुखवटे घातलेले लोक) बघायला ३१ डिसेंबरला आकितातल्या ओगाला जायचा बेत आहे. कोणी गेलंय का?

निशीकासाईकर
त्या रात्री ते मुखवटेवाले गावातल्या घरांत शिरून पोरांना दरडावतात. तो त्यांचा घरगुती मामला, आगंतुकाने दारात उभं राहू नये. फेब्रुवारीत तिथल्या शिन्झान देवळात नामाहागेंचा सेदो उत्सव असतो, तो सगळ्यांसाठी खुला आहे.

मूळची चिपळूणची
आओमोरीतलं इनाकादाते गाव, जुलै. वेगवेगळ्या रंगांच्या पानांचे भाताचे वाण लावून शेतात भलंमोठं चित्र काढतात, १९९३ पासून. मनोऱ्यावरून प्रमाणशीर दिसावं म्हणून लांबचा भाग मुद्दाम ताणून आखलेला असतो. आईला घेऊन गेले होते. तिने जन्मभर लावणी केलेली, चित्र राहिलं बाजूला, "ओळी किती सरळ लावल्यात बघ!"

सुक्या मासळीचा भक्त
डिसेंबर ते मार्च, त्सुगारू रेल्वेची शेगडीची गाडी. आओमोरीतल्या गोशोगावाराहून सुटते. डब्यात कोळशाची भट्टी, तिच्यावर सुके माकूल भाजून देतात. वासानेच तिकीट वसूल. शाकाहारींनी दुसरा डबा बघावा.

बर्फाळलेली
शाकाहारींनो, सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्सच्या) रश्शातही बोनिटो मासा असतो. यामागाता प्रांतातल्या हागुरो डोंगरावर (२४४६ पायऱ्या!) यात्रेकरूंच्या मुक्कामी शोजिन (बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी) जेवण मिळतं, रानभाज्या आणि तिळाचं तोफू; तरी रश्शाचं आधी विचारून घ्या. आकितातला इबुरीगाक्को (मुळ्याचं धुरी दिलेलं लोणचं) मात्र चुकवू नका. तिकडे बर्फ लवकर पडतो, मुळा उन्हात वाळत नाही, म्हणून चुलीवर टांगून धुरी देतात आणि मग कोंड्यात मुरवतात. पाकिटं स्टेशनवर मिळतात, पण बॅगेतले कपडे आठवडाभर धुराचा वास मारतात.