द्राक्षबाग असूनही स्थळे का परततात?

प्रश्न (तासगाव): धाकट्या भावाची द्राक्षबाग आणि बेदाण्याचे शेड आहे. हंगाम साधला तर हातात पुण्यातील पगारदारापेक्षा अधिक पैसा राहतो. तरीही बायोडाटा पाहताच ‘मुलगा नोकरीला नाही का?’ असे विचारून बोलणी थांबतात. मुलींना खरोखर पगाराचेच आकर्षण असते काय?

उत्तर (मिरज): मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांच्या १९८९ मधील ३७ संस्कृतींच्या अभ्यासात जोडीदाराच्या कमाईला स्त्रियांनी पुरुषांपेक्षा अधिक महत्त्व दिल्याचे आढळले, मात्र ईगली आणि वुड या संशोधकांनी १९९९ मध्ये तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा स्त्री-पुरुष समानता जेथे अधिक, तेथे हा फरक कमी दिसला. अर्थात, आपल्याकडे पहिली चाळणी बहुधा वडीलधारेच लावतात.

उत्तर (विटा): मी बागायतदाराचीच मुलगी आहे. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की डावणी रोगाच्या भीतीने रात्री फवारणीला निघणारे वडील आणि पहाटे उठून मजुरांच्या भाकरी थापणारी, तरीही सातबाऱ्यावर नाव नसलेली आई मी पाहिली आहे. मला मोठा पगार नको होता. महिन्याची खात्री आणि माझी शिक्षिकेची नोकरी सुटणार नाही, एवढा शब्द हवा होता. तो एकाही बागायतदार स्थळाने दिला नाही.

उत्तर (कराड): बायोडाट्यात एकर लिहिता, कर्ज लिहीत नाही; मुलीकडचे मात्र कर्ज देणाऱ्या सोसायटीत चौकशी करूनच येतात. भावाने दोन्ही लिहावे, आणि पत्नीला नोकरी करता येईल की नाही, तेही.