इंग्रजीच्या तासाला फवारणीचा डबा, चुकलं का माझं?

पऱ्हाटीवाला मास्तर:
यवतमाळ जिल्हा, जि.प. शाळा, सातवीचा वर्ग. पोरं धडा धडाधडा वाचतात अन् अर्थ विचारला की छताकडे पाहतात. म्हणून मागच्या आठवड्यात फवारणीच्या चार औषधांच्या लेबलचे फोटो (फोटो बरं, डबे नाही) मोठे प्रिंट मारून फळ्यावर चिकटवले. लेबलवरच्या रंगावरून जहालपणा कळतो, लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात कमी: लालवर कवटी अन् पॉइझन, पिवळ्यावर नुसतं पॉइझन, निळ्यावर डेंजर, हिरव्यावर कॉशन. कोणतं जास्त जहाल ते इंग्रजीत सांगा म्हटलं. एक पोरगी अडून बसली, सर निळ्यावरच डेंजर लिहिलं आहे मग लाल त्याच्याहून डेंजर कसं? अर्धा तास भांडण, अन् त्यातूनच 'रेड इज मोर डेंजरस दॅन ब्लू' आलं. हेडसर म्हणे सिलॅबस कोण पूर्ण करणार.

वरुडचा संत्रा:
सर राग नका मानू पण हेडसर बरोबर बोलले. आमच्या वेळी एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची, टेन्सचा तक्ता पाठ केला अन् त्याच्यावर नोकरीची परीक्षा काढली. 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे तरी माह्या आठवीतल्या पोराले बिकॉजचं स्पेलिंग येत नाही. पेपरात डबा येते का? व्हॉइस बदला येते.

खडू डस्टर:
तक्ता मलाही पाठ होता भाऊ. नागपूरला कॉलेजात पहिल्याच दिवशी मॅडमनी इंग्रजीतून गाव कोणतं विचारलं, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह झोपेत करणारा मी, गावाचं नाव सांगून गप्प. इंग्रजी कशी शिकवावी याचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 शाळांमधल्या बंगलोर प्रकल्पात व्याकरण बाजूला ठेवून नकाशे, टाइमटेबल देऊन पोरांना डोकं लावायला लावलं. मास्तर तेच करून रायले.

झरीची बाई:
प्रभूंच्या प्रकल्पात दोन-दोन वर्ग एकटीनं सांभाळायचे नव्हते हो. अन् 'आधी मराठीत अर्थ सांगा' म्हणणाऱ्यांना विचारते, माझ्या पहिलीच्या लेकरांची घरची भाषा कोलामी, मराठीच त्यांना नवी, मग भाषांतर कोणत्या भाषेत करू? मी हालचालीवर शिकवते, स्टँड अप, टच द डोअर. दिवाळीपर्यंत मस्त चालतं. पुढं अडतं, वरचा तो बिकॉज उड्या मारून कसा दाखवायचा? तिथं मात्र मी कोलामीचे दोन-चार शब्द शिकून घेतले, पोरांकडूनच. डब्याचा धडा मला आवडला, पण माझ्याकडं प्रिंटर नाही अन् कलर प्रिंट पदरमोड करूनच.

वरुडचा संत्रा:
डब्यासंग माहितीपत्रक येते, त्यात मराठी असते. मंग इंग्रजीवर जोर काहून?

पऱ्हाटीवाला मास्तर:
ते पत्रक घडी घालून येतं, अक्षर मुंगीएवढं, डबा फोडला की धुऱ्यावर उडून जातं. 2017 ला आपल्या जिल्ह्यात फवारणीत किती माणसं गेली ते आठवा. अन् हो, तुमचा व्हॉइस पण डब्यावरच सापडला: 'एम्प्टी कंटेनर शुड नॉट बी रियूज्ड'. पॅसिव्हच आहे की.

वरुडचा संत्रा:
मंग त्याचं ॲक्टिव्ह करून घ्या पोरांकडून, अन् वहीत लिहून घ्या. तोंडी नको.