खसच्या ताट्यांचा वास दहा मिनिटांत जातो कुठं?

रेशीमबागकर
परवा कूलरला नवीन खसच्या ताट्या लावल्या, नवतपा सुरू व्हायच्या आधी दरवर्षी लावतोच. पाणी मारून कूलर सुरू केला की पहिल्या झोक्यालाच खोली भरून जाते वासानं, पण दहा मिनिटं झाली की काहीच नाही. मला वाटलं दुकानदारानं जुन्याच ताट्यांवर अत्तर मारून दिलं. तेवढ्यात बायको भाजी घेऊन आली आणि दारातूनच म्हणे, काय मस्त वास येऊन राहिला! म्हणजे वास तिथंच आहे, मलेच येत नाही. आवाजाचं पण तेच. कूलरच्या घरघरीनं झोप मोडत नाही, पण लाईट गेली आणि घरघर थांबली की लगेच जाग येते.

आता खरा प्रश्न. आई ७१ वर्षांची आहे, दिवाळीपासून म्हणते फोडणीचा वास येत नाही. मागच्या आठवड्यात गॅसचं बटन अर्धवट उघडं राहिलं, ती किचनमध्येच मेथी निवडत बसली होती आणि तिला पत्ताच नाही, मी बाहेरून आलो तर जिन्यातच वास आला. तिचं हे माझ्या खससारखंच आहे की काही वेगळं? तेव्हापासून डोक्यातून जात नाही, ड्युटीवर असलो तरी दोनदा फोन करतो घरी.

तर्रीपोहे
नाक थकते भाऊ. एकच काम करून करून कोणीही थकते. पण मग एक सांगा कोणीतरी, सावजीत बसलो की ठसका शेवटच्या घासापर्यंत काऊन जात नाही? जीभ नाही थकत का?

आठवी_ब_च्या_बाई
थकतं म्हणू नका, थकण्यापेक्षा हे फार हुशारीचं काम आहे. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला वास ओळखणाऱ्या पेशींचा एक छोटासा पट्टा असतो. त्या पेशींवर वासाचे कण पकडणारे रिसेप्टर असतात, माणसात सुमारे ४०० प्रकारचे. (लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये हे शोधलं, २००४ ला नोबेल मिळालं.) खसचा कण रिसेप्टरवर बसला की पेशीची बारीक दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं, सिग्नल मेंदूकडे जातो. आणि आत आलेलं तेच कॅल्शियम ती दारं आवळायला लागतं, म्हणजे वास सुरूच असतो पण पेशी स्वतःच त्याची बातमी हळूहळू कमी करते. वर मेंदूही म्हणतो, हे कळलं, आता पुढचं सांग. गच्चीवर थोडा वेळ फिरून या, कॅल्शियम बाहेर टाकलं जातं आणि खस परत येतो.

कूलरच्या आवाजात मात्र कान ऐकतच असतो, दुर्लक्ष करतो तो मेंदू. म्हणून आवाज बंद झाला तर तोही बदल, आणि बदल लगेच कळतो. हातातल्या बांगड्या, पायातली जोडवी दिवसभर जाणवतात का? घालताना आणि काढतानाच. आपली इंद्रियं काय आहे यापेक्षा काय बदललं हे सांगायला बसलेली आहेत, मी वर्गात हेच सगळ्यात आधी सांगते कारण मुलांना वाटतं नाक-डोळे म्हणजे कॅमेरा.

तर्रीपोहे, तिखट ही चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरवर बसतं तो खरं तर ४३ डिग्रीच्या वरची उष्णता ओळखायला आहे, डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं १९९७ ला शोधला आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणून तोंड 'भाजतं' आणि घाम फुटतो. ही बातमी वासाच्या नाही, चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेतून जाते. सवय तिथंही होते, रोज सावजी खाणाऱ्यांना विचारा, पण तुम्ही दर घासाला नवीन कॅप्सेसिन टाकताय ना!

लाईनवरचा_माणूस
बाईंनी सांगितलं ते आमच्या कामात जिवावर बेतते म्हणून लिहून राहिलो. मी गटारलाईनच्या कामावर सुपरवायझर होतो. चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाईड असतो, थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते गॅस निघून गेला. नवीन पोरं म्हणतात साहेब आता वास नाही, उतरतो. मी एकालाही उतरू दिलं नाही, मशीन लावूनच काम करवलं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नका, घरात पण नाही.

सिस्टर_नाईट_ड्युटी
दादा, तुमचा खस आणि आईंचं प्रकरण वेगळं वाटते. गॅसला स्वतःचा वास नसतो, कळावं म्हणून इथाईल मरकॅप्टन टाकतात. हळूहळू गळत असेल आणि माणूस तिथंच बसून असेल तर धडधाकट नाकालाही कळत नाही, त्या एका दिवसावरून काही ठरवू नका. पण फोडणीचा वास दिवाळीपासून येत नाही हे सवयीचं नाही, सवय बाहेर जाऊन आलं की मोडते. आईंना अर्धा तास अंगणात बसवा, मग डोळे मिटून एकेका नाकपुडीला हिंग आणि कॉफी द्या. नाही कळलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्याच. वयानं कमी होते, सर्दी-कोविडनंतर जाते, नाकात मांस वाढलं असेल तरी जाते, कारण कळल्याशिवाय उपाय नाही. या पेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात म्हणून हातपाय गाळू नका. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज दोनदा लक्ष देऊन हुंगायचा सराव देतात, काही महिने लागतात पण बऱ्याच जणांना फरक पडतो.

तोपर्यंत गॅस डिटेक्टर लावा, खाली जमिनीजवळ, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. आणि गळती कळली तर बटन-पंखा कशालाच हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाईनला फोन.

रेशीमबागकर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज सकाळी केलं. हिंग नाही कळलं, कॉफी नाही. लवंगेला म्हणाली काहीतरी टोचते आहे नाकात पण वास नाही, बाई म्हणतात ती दुसरी नस हीच असेल. हिंग काढायला कपाट उघडलं तर आत तीन डब्या, तिन्ही अर्ध्या. दिवाळीपासून तीन वेळा बदललं म्हणे, दुकानदार भेसळ करून राहिला असं वाटत होतं तिला, आणि मी इकडे ताट्यावाल्याला नावं ठेवत होतो. तिन्ही हुंगल्या मी, तिन्हींचा वास कडक आहे.

सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. डिटेक्टर उद्या बसतो, सिलेंडरच्या बाजूला खालीच लावायला सांगितला.