मदत हवी आहे: कोचीत एकच दिवस, १२ माणसं, शनिवार की रविवार?

पोवईनाका (सातारा)

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही १२ जण साताऱ्याहून केरळला निघालोय. गुरुवारी रात्री उशिरा एर्नाकुलमला पोचू, सोमवारी सकाळी मुन्नारकडे. मधल्या शुक्रवार, शनिवार, रविवारपैकी एक दिवस जुनं कोची नीट बघायचं आहे आणि त्यासाठी गाइड करायचा विचार आहे. उरलेले दोन दिवस आलेप्पी आणि नातेवाइकांसाठी आहेत, ते मागेपुढे करता येतील.

एका गाइडने शनिवारचा कार्यक्रम पाठवलाय: सकाळी १० वाजता टेम्पो ट्रॅव्हलरने एर्नाकुलमहून निघायचं, सेंट फ्रान्सिस चर्च, मासेमारीची चिनी जाळी, जेवण, दुपारी डच पॅलेस, मग सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), शेवटी मसाल्याची दुकानं, ६ वाजता परत.

माझे प्रश्न:
तीन दिवसांपैकी कोणता दिवस घ्यावा?
फोर्ट कोचीच्या किल्ल्याला चढण किती आहे? आई ७४ वर्षांची आहे, शिवाय दोघींचे गुडघे दुखतात.
गाइडला आधी काय काय विचारून घ्यावं?
सात जण पूर्ण शाकाहारी आहेत, जेवणाचं काय?
मसाले तिथून आणावेत का?

---

कृष्णाकाठ (सांगली)

आधी वाराचं बघू, कारण सगळा दिवस त्यावरच उभा आहे.

मट्टांचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शनिवारी बंद, कारण तो ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो, म्हणून शुक्रवारच्या दुपारचाही भरवसा धरू नका. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर आहेत आणि जुन्या कोचीत आतून बघण्यासारखं जे आहे त्याचा गाभा तिथेच आहे. गाइडचा शनिवारचा कार्यक्रम म्हणजे सिनेगॉग बाहेरून दाखवणं. "बाहेरून" हा शब्द त्याने लिहिलाय का, तेवढं बघा.

उरला रविवार. त्या दिवशी पॅलेस आणि सिनेगॉग दोन्ही उघडी. तोटे दोन: सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, आणि बाजार रोडवरची मसाल्याची घाऊक गोदामं बहुतेक बंद असतात. पहिल्यावर उपाय सोपा आहे, चर्च दुपारी घ्यायची. दुसरं सोसावं लागेल.

आता क्रम. गाइडने लावलेला क्रम उलटा आहे. सिनेगॉग सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ५ असं उघडतं. दुपारी जेवून पॅलेसला गेलात, तिथे रेंगाळलात, तर सिनेगॉगच्या दारात साडेचारला पोचाल आणि पुढे रांग असेल. म्हणून सकाळी मट्टांचेरी, दुपारनंतर फोर्ट कोची.

माझ्या हिशोबाने रविवार असा:

सकाळी ८ च्या सुमारास एर्नाकुलमच्या हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रोने (शहराची नवी बोटसेवा) फोर्ट कोची. उतरल्या उतरल्या पाचदहा मिनिटांच्या चालीवर चिनी जाळी, तिथे पाऊण तास. मग गाडीने मट्टांचेरी (अडीचतीन किलोमीटर), साडेनऊपर्यंत पॅलेसमध्ये. पावणेअकराला सिनेगॉग. बाराच्या सुमारास गुजराती रोडवरचं जैन मंदिर, त्या वेळी कबुतरांना दाणे घालतात. तिथेच जेवण. मग दोन तास सावलीत काढा. जानेवारीतही दुपारी दमटपणा इतका असतो की वयस्कर माणसं उन्हापेक्षा घामाने थकतात. ३ नंतर सेंट फ्रान्सिस, सांताक्रूझ बॅसिलिका, आणि ५ वाजता कथकली.

---

शिडाचं_गलबत

कृष्णाकाठ यांच्या क्रमाला माझं पूर्ण अनुमोदन. किल्ल्याबद्दल सांगतो.

फोर्ट कोचीत चढायला किल्ला नाही. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये फोर्ट इमॅन्युएल बांधला, १६६३ मध्ये डचांनी कोची घेतल्यावर त्याचा बराच भाग पाडला, आणि उरलेला ब्रिटिशांनी १८०६ मध्ये उडवला. आता किनाऱ्यावर तटाचे थोडे अवशेष दिसतात, तेवढेच. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी बुरूज-दरवाजे शोधू नयेत, हिरमोड होईल. तिथे बघायचं असतं बंदर, आणि बंदर बोटीतूनच समजतं.

म्हणून टेम्पो ट्रॅव्हलरने पूल ओलांडून जाऊ नका. रस्त्याने बारातेरा किलोमीटर आणि रविवारी पुलावर गर्दी. बोटीने वीस मिनिटं. गाडी रिकामी पुढे पाठवा, ती फोर्ट कोचीत भेटेल.

गुडघ्यांसाठी वॉटर मेट्रोच घ्या. तिच्या जेट्ट्या तरंगत्या आहेत, पाण्याबरोबर वरखाली होतात, त्यामुळे बोटीची आणि जेट्टीची पातळी सारखी राहते आणि पाय उचलून टाकावा लागत नाही. सरकारी जुन्या फेरीबोटी स्वस्त आहेत, पण त्यात खाली पाऊल टाकून उतरावं लागतं. हायकोर्ट ते फोर्ट कोची मार्ग एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा तिकीट ४० रुपये होतं. बोटीत शंभर माणसं मावतात, तुम्ही बारा एकत्र बसाल.

बसताना लक्ष ठेवा: उजव्या हाताला बोळगट्टी बेट आणि पुढे वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल, डाव्या हाताला विलिंग्डन बेट. हे विलिंग्डन बेट बरंचसं माणसाने केलेलं आहे. बंदराच्या तोंडाशी वाळूचा घट्ट बांध होता, मोठी जहाजं बाहेर समुद्रातच नांगर टाकत. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने १९२० नंतर तो बांध फोडून खोल वाट काढली, आणि उपसलेला गाळ आत टाकून बेट वाढवलं. २६ मे १९२८ ला 'पद्मा' हे जहाज त्या वाटेने आत आलं. त्याच्याही आधीची गोष्ट १३४१ ची: पेरियारला महापूर आला, मुझिरीसचं जुनं बंदर गाळाने बुजलं आणि कोचीचं तोंड उघडलं, असं मानतात. चांगला गाइड हे बोटीतच सांगतो, कारण तिथे बोट दाखवून सांगता येतं. तुमचा गाइड थेट चर्चच्या दारात भेटणार असेल तर त्याला जेट्टीवर बोलवा.

---

पोवईनाका (सातारा)

दोघांचेही मनापासून आभार. शनिवार रद्द. चिनी जाळ्यांना पाऊण तास का ठेवलाय? फोटो काढायला दहा मिनिटं पुरतील असं वाटलं होतं.

---

शिडाचं_गलबत

दहा मिनिटांत फोटो होतो, जाळं कसं चालतं ते कळत नाही. एक तरी फेरी पूर्ण बघा.

लाकडी सांगाडा किनाऱ्याला बिजागरीसारखा टेकलेला असतो, दहा मीटर किंवा जास्त उंच, आणि पुढच्या टोकाला वीसेक मीटर पसरलेलं जाळं. मागच्या बाजूला दोरांना ओळीने दगड बांधलेले असतात, एकेक साधारण फूटभर व्यासाचा, प्रत्येक वेगळ्या उंचीवर. हे दगड जाळ्याचं वजन इतकं नेमकं तोलतात की एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की तेवढ्यानेच जाळं पाण्यात उतरतं. चारपाच मिनिटं पाण्यात ठेवून चारसहा जण दोर ओढतात. जाळं वर येतं तसतसा एकेक दगड जमिनीला टेकतो आणि तोल प्रत्येक क्षणी सांभाळला जातो. आपल्याकडच्या विहिरीवरच्या ओकतीची (एका टोकाला वजन बांधून पाणी वर काढायच्या दांडीची) जात, पण कितीतरी पटींनी मोठी.

संध्याकाळी तिथे सूर्यास्ताची गर्दी असते, सकाळी काम दिसतं. म्हणूनच सकाळ.

एक सूचना: फळ्यांवर बोलावून दोर ओढायला देतात आणि नंतर पैसे मागतात. ती त्यांच्या कष्टाची जागा आहे, द्यायला हरकत नाही, पण आकडा आधी ठरवा. आईंना फळ्यांवर नेऊ नका, ओल्या असतात आणि मधे फटी आहेत.

---

कृष्णाकाठ (सांगली)

गाइडचं बोलायचं राहिलं. १२ जणांना एक गाइड पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या:

पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का, त्याचा फोटो पाठवा. हिंदीत सांगणार की इंग्रजीत. फी तासांवर की दिवसावर, प्रवेश तिकिटं आत की वेगळी. आणि सर्वात महत्त्वाचं, "आम्ही सांगितल्याशिवाय दुकानात थांबायचं नाही." ज्यू टाऊनच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मसाले, अत्तर आणि जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, आणि गिऱ्हाईक आणणाऱ्याला कमिशन मिळतं. एका दुकानात बारा माणसं शिरली की पाऊण तास गेला, आणि सिनेगॉगचा १ वाजतो. फारच कमी पैशात सगळं फिरवतो म्हणणाऱ्या रिक्षांचं गणितही हेच.

पूर्ण दिवसाचा गाइड घेऊच नका. जेट्टीपासून जेवणापर्यंत, म्हणजे अर्ध्या दिवसाचा पुरतो. दुपारचा फोर्ट कोची भाग सपाट आहे, पाट्या आहेत, आपले आपण फिरता येतं. गाइडची खरी गरज पॅलेसमध्ये लागते. पॅलेस पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिला, डचांनी १६६३ मध्ये दुरुस्त केला, म्हणून नाव डच. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, एकाला एक चिकटून, मधे मोकळी जागाच नाही. एका प्रसंगातून दुसरा कुठे सुरू होतो ते सांगणारा लागतो, नाहीतर माणसं रंग बघून पुढे जातात. फोटो काढायचे तर आधी विचारा. वर जायला जिना आहे, आईंना सावकाश चढवा, दिवसातली तेवढीच काय ती चढण.

सिनेगॉग १५६८ चं, घड्याळाचा मनोरा १७६० चा. चपला बाहेर. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या फरशा अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या आहेत. तिथे वर झुंबरं बघत चालू नका, आधी खाली बघा.

गल्लीत मोठी गाडी जात नाही. उतरून तीनचारशे मीटर चालणं धरा.

---

हळकुंड (सांगली)

मसाल्याचं मी सांगतो.

मिरी: मूठभर हातात घ्या, दाणे जड आणि सारख्या आकाराचे हवेत. ग्लासभर पाण्यात टाका, चांगली मिरी तळाशी बसते. तरंगतात ते पोकळ दाणे, किंवा मिसळलेल्या पपईच्या बिया. व्यापारात चांगल्या मिरीचं एक लिटर माप ५५० ग्रॅमच्या आसपास भरतं. आणायची असेल तर मिरीच आणा, पैसे वसूल होतात.

वेलची: एक फोडून बघा. दाणे काळसर, जरा चिकट आणि वास कापरासारखा चढला पाहिजे. आतले दाणे फिके आणि कोरडे असतील तर जुना माल.

दालचिनी: खरी दालचिनी म्हणजे कागदासारख्या पातळ सालींच्या एकात एक गुंडाळ्या, नळी भरलेली, बोटांनी मोडते. जाड, एकाच सालीची, आतून पोकळ आणि मोडायला कडक असेल तर तो कॅसिया, म्हणजे दालचिनीसारख्याच दुसऱ्या झाडाची साल. दोन्ही एकाच नावाने विकतात, भाव मात्र दालचिनीचा लावतात.

केशर आणि चक्रीफूल तिथलं पीक नाही, तिथून घेण्यात अर्थ नाही. अलेप्पी हळदीत कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) जास्त असतं, औषधी कामासाठी पाव किलो घ्यायला ठीक. रोजच्या फोडणीची हळद साताऱ्याहून सांगलीला या, मार्केट यार्डात हळकुंडं बघून घ्या आणि दळून न्या.

दळलेला कुठलाच मसाला घेऊ नका. अख्ख्या मालाची पारख करता येते, पुडीची नाही.

---

शिडाचं_गलबत

जेवण. शाकाहारींनी गुजराती रोड सोडू नये. कच्छी-गुजराती व्यापारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, साधी थाळी मिळते. फोर्ट कोचीत शाकाहारी म्हणून सांगितलं तरी "मासे चालतील ना?" असा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा मासे-अंडं दोन्ही नको असं स्पष्ट सांगा. केरळी जेवणात भात जाड, लालसर आणि उकडा येतो, पांढरा हवा तर आधी विचारा. प्यायला गरम गुलाबी पाणी देतात. ते पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा तुकडा टाकून उकळलेलं असतं, गरम असेल तर बिनधास्त प्या.

आणखी एक ठिकाण, जे गाइडच्या यादीत सहसा नसतं: मट्टांचेरीच्या चेरलाई भागातलं तिरुमला देवस्वम. पोर्तुगीज छळामुळे सोळाव्या शतकात गोवा सोडलेल्या सारस्वतांचं हे देऊळ. त्या भागात आजही कोंकणी ऐकू येते, मालवणी कानाला बरीचशी कळते. याच समाजातले रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे वैद्य, डच गव्हर्नर व्हान रीडच्या 'हॉर्टुस मलबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींच्या ग्रंथात सहभागी होते. त्यांचं १६७५ चं कोंकणी प्रमाणपत्र त्यात नागरी अक्षरांत छापलंय. शिवराज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी लिहिलेली ही नागरी अक्षरं ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात गेली, हे मला कोचीतल्या कुठल्याही थडग्यापेक्षा मोठं वाटतं. देऊळ दुपारी बंद असतं आणि पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं, म्हणून जायचं तर पॅलेसच्याही आधी. मग जाळ्यांचा वेळ अर्ध्यावर आणा.

---

पोवईनाका (सातारा)

गाइडला विचारलं. रविवार, अर्धा दिवस, सकाळी ८ ला जेट्टीवर, दुकान नाही, सगळं मान्य. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. तिरुमला देवस्वम घेतोय, आईला फार आवडेल.

कथकली ५ वाजता म्हणालात, पण प्रयोग ६ चा दिसतोय. आणि सेंट फ्रान्सिसला वास्को द गामाची कबर आहे ना?

---

कृष्णाकाठ (सांगली)

प्रयोग ६ चाच, पण ५ ला जाऊन रंगभूषा बघा, तिकीट तेच. चेहऱ्याच्या कडेने तांदळाच्या पिठाची आणि कागदाची पांढरी 'चुट्टी' चढवतात, आणि डोळे लाल व्हावेत म्हणून पापणीखाली एक बारीक बी ठेवतात. हिरवा चेहरा म्हणजे सात्त्विक नायक, हिरव्यावर लाल पट्टे म्हणजे राजस, गर्विष्ठ खलनायक, एवढं तिथेच विचारून घेतलंत तर पुढचा प्रयोग समजतो. पुढच्या दोन रांगांत बसा, सगळं डोळ्यांत आहे.

वास्को द गामा कोचीत २४ डिसेंबर १५२४ ला वारला आणि सेंट फ्रान्सिसमध्ये पुरला गेला, पण काही वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले. आता कठड्याआड जमिनीतला दगड आहे, कबर रिकामी. तिथे वर बघा, छताला कापडी पंखे टांगलेत. त्यांचे दोर भिंतीबाहेर काढलेले असत आणि बाहेर बसून माणसं ते ओढत. बॅसिलिकात प्रार्थना चालू असेल तर दारातूनच बघून पुढे चला.

---

शिडाचं_गलबत

शेवटची बोट किती वाजता हे सकाळी जेट्टीवरच विचारून ठेवा. रविवारी संध्याकाळी फोर्ट कोचीहून परतीची रांग लांब असते, दोनतीन बोटी सोडाव्या लागतात. प्रयोग साडेसातला सुटेल, त्या वेळी रांगेत आईंना उभं करण्यापेक्षा गाडीने पुलावरून परत जा. त्या वेळेला रस्ता मोकळा होत आलेला असतो. आणि ओडोमॉस पिशवीत वरच ठेवा, फोर्ट कोचीत अंधार पडला की डास फार.