पोरांना बाहेरची गोडी कशी लावायची? (अमेरिकेतले पालक, मदत करा)

मेधा_आ
आमच्याकडे दोन नग आहेत, थोरला तेरा वर्षांचा आणि धाकटी यंदा चौथीत. दर उन्हाळ्यात एखादं नॅशनल पार्क होतंच आमचं, यलोस्टोन झालं, ग्रँड कॅन्यन झालं, पण होतं काय की गाडीतून उतरायचं, कठड्यापाशी फोटो काढायचे, परत गाडीत, आणि थोरल्याचा एकच प्रश्न, हॉटेलवर कधी पोचणार? नवरा म्हणतो सगळा दोष फोनचा, मला तेवढंच काही पटत नाही. आम्ही दोघंही ट्रेकवाले नाही हो, तंबू कसा लावतात तेही माहीत नाही. मागे न लागता मुलांना मजा कशी येईल? आणि खिशालाही जरा झेपेल असं सांगा.

पायवाट
मेधाताई, धाकटी चौथीत आहे ना, मग आधी तिचा फुकट प्रवेशाचा पास काढून घ्या! एव्हरी किड आउटडोअर्स म्हणून सरकारी योजना आहे, साइटवर तिनं एक छोटी अ‍ॅक्टिव्हिटी करायची की व्हाउचर मिळतं. १ सप्टेंबर ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत चालतं. गाडीमागे फी असेल तिथे तिच्याबरोबर गाडीतले सगळे फुकट. माणशी फी असेल तिथे सोबतचे तीन मोठे आत जातात आणि १५ पर्यंतच्या मुलांना तशीही फी नसते. फक्त कॅम्पिंगचे पैसे यात येत नाहीत, ते वेगळे. तो ३१ ऑगस्ट उलटला की संधी गेली, म्हणून म्हणते लगेच करा.

आणि ज्युनिअर रेंजर केलंय का कधी? व्हिजिटर सेंटरला पुस्तिका मागायची, दिवसभरात ती भरायची, मग रेंजर तपासून शपथ देतात आणि बॅज मिळतो. माझी लेक त्या बॅजसाठी मैलभर जास्त चालायची, एरवी पार्किंगपासून कुरकुर.

रानभूल
धाकटीचं सुटलं, आता थोरल्याचं बोलू. माझं मत जरा वेगळं आहे, मोठ्या नॅशनल पार्कात या वयाच्या पोराला करायला फारसं काही नसतं. बघायला खूप असतं. कुत्रा बहुतेक ट्रेलवर चालत नाही, दगड उचलायचा नाही, सायकल बहुतेक करून रस्त्यावरच, आणि वर गर्दी. हे नियम बरोबरच आहेत, एवढे लाखो लोक येतात तिथे, नाहीतर काही उरणार नाही. पण तेरा वर्षांच्या पोराला हात लावायला काहीतरी लागतं.

नॅशनल फॉरेस्ट (सरकारी जंगलं) आणि बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, मोकळ्या सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) जमिनी बघा. एकट्या बीएलएमकडे साधारण २४.५ कोटी एकर आहे, नॅशनल फॉरेस्ट १९.३ कोटी एकर, आणि नॅशनल पार्कं सांभाळणारी अख्खी पार्क सर्व्हिस मिळून ८.५ कोटी. पण आपली देसी मंडळी जातात कुठे, तर त्याच ठरलेल्या दहा पार्कांत. फॉरेस्टमध्ये कुत्रा दोरीला बांधून बहुतेक ट्रेलवर चालतो, माउंटन बाइक चालते (विल्डरनेस म्हणून राखलेला भाग सोडून, तिथे १९६४ च्या कायद्यानं चाकंच बंद), मासे धरता येतात, लहान मुलांना बहुतेक राज्यांत लायसन्सही लागत नाही. बीएलएमवर तर दगडसुद्धा गोळा करता येतात, घरी वापरायला थोडे. दगड झालेलं लाकूड दिवसाला २५ पाउंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पाउंडांपर्यंत. माझा पुतण्या याच एका गोष्टीसाठी पहाटे उठायला लागला, शाळेसाठी हाक मारून मारून घसा बसतो आमचा. जुनी भांडी, बाणाची टोकं मात्र अजिबात उचलायची नाहीत, तो गुन्हा आहे. जायच्या आधी त्या भागाच्या ऑफिसला फोन करून काय चालतं ते विचारायचं, नीट सांगतात.

फोन काढून घेऊ नका त्याचा. उलट ऑफलाइन नकाशा त्याच्याकडे द्या आणि म्हणा, वाट तू दाखव. चुकला फाटा तरी लगेच तोंड उघडायचं नाही, थोडं चालू द्या. मर्लिन अ‍ॅप टाकून द्या, आवाजावरून पक्षी ओळखतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा एखादा मित्र बरोबर घ्या, या वयात आईबापाबरोबर स्वर्गातही कंटाळा येतो :)

काका_ऑन_ट्रेल
रानभूल, सगळं मान्य, पण मेधाताईंनी तंबू कधी लावलेला नाही हे लक्षात घ्या. फॉरेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो (बऱ्याचदा एका जागी १४ दिवसांपर्यंत) हे खरं, पण तिथे ना नळ, ना संडास, ना फोनला रेंज. संडासला पाण्यापासून २०० फूट लांब जाऊन सहा ते आठ इंच खड्डा खणायचा, ही पहिल्याच रात्री पोरांना शिकवायची गोष्ट नाही, पुढच्या वेळी गाडीतच बसणार नाहीत. पहिली रात्र संडास आणि पाणी असलेल्या साध्या कॅम्पग्राउंडवर काढा, घरापासून तासा-दोन तासांवर, म्हणजे फारच रडारड झाली तर परत येता येतं. तंबू, स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, भाड्यानं मिळतात. अंगणात एकदा लावून बघा, तेही पोरांनाच लावू द्या. शेकोटीवर बंदी आहे का ते निघायच्या दिवशी तपासा, उन्हाळ्यात पश्चिमेकडे असतेच बऱ्याचदा.

आणि स्टेट पार्क विसरू नका! कॅलिफोर्निया, कोलोरॅडो इथे लायब्ररीतून पुस्तकासारखा पास घरी नेता येतो.

मेधा_आ
बापरे, दगडांचं तर माहीतच नव्हतं, थोरल्याला नुसतं सांगितलं तर त्यानं स्वतः बीएलएमचा नकाशा उघडला. नवरा विचारतोय की मोठा झाल्यावर त्याला तिथे काही काम वगैरे मिळतं का, उन्हाळ्यात घरी लोळण्यापेक्षा?

पायवाट
मिळतं की. यूथ कन्झर्वेशन कोअर, १५ ते १८ वयाची मुलं, उन्हाळ्यात पगारी काम, ट्रेल दुरुस्ती, कुंपणं, झाडं लावणं असलं. १९७० पासून चालू आहे. जागा थोड्या असतात आणि अर्ज उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी मागवतात, त्यामुळे पंधरा पूर्ण व्हायच्या आधीच्या हिवाळ्यातच जवळच्या फॉरेस्टला, पार्कला विचारायला लागा. काम अंगमेहनतीचं आहे हे नुसतं नवऱ्याला सांगू नका, थोरल्यालाही सांगा.